लिखित जप, लाकडावरचा

मोबाईलवर हल्ली लाकडी ‘रून्स’चे संच विकायला येतात. चोवीस-पंचवीस चकत्या, प्रत्येकीवर एक काटकुळी खूण, सोबत कापडी पिशवी आणि कोणत्या खुणेचा काय अर्थ ते सांगणारं चोपडं. नांदेड जिल्ह्यातल्या आपल्या हदगावातही एखाद्या कॉलेजातल्या पोरीच्या हातात असा संच दिसतो आणि घरातली आजी विचारते, ‘हे काय गं, सोंगट्या का?’ आजीचा प्रश्न रास्त आहे. पोरीची ओढही खोटी नाही. हातात धरता येईल, चाचपता येईल असं काहीतरी श्रद्धेचं जवळ असावं, असं पुष्कळांना वाटतं. पण हजारभर रुपये मोजून दुसऱ्या कुणीतरी यंत्रावर कापलेल्या चकत्या आणल्या, तर ज्यातून खरं समाधान मिळायचं ते काम परस्पर दुसऱ्यानंच केलेलं असतं.

म्हणून हा लेख. आपल्याच शिवारातलं लाकूड, आपलीच लिपी, आपल्याच देवाचं किंवा गुरूचं नाव, आणि ते कोरणारा हात आपला. याला मी लिखित जपाचाच एक प्रकार मानतो. वहीत रामनाम लिहिणारी माणसं आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. श्रावणात बेलाच्या पानावर चंदनानं ‘राम’ लिहून महादेवाला वाहणाऱ्या बाया आहेत. वहीत तासाभरात पानंच्या पानं भरतात, लाकडात तेवढ्या वेळात एक अक्षर होतं. फरक एवढाच, आणि सगळी गंमत त्या संथपणातच आहे. पेन चालत असताना मन बाजारात फिरून येऊ शकतं. धारदार चाकू लाकडात असताना ते जागचं हललं, तर रक्तच निघतं.

आधी रून्सबद्दल थोडं, कारण त्यातून आपल्याला एक कामाची गोष्ट शिकायची आहे. रून ही उत्तर युरोपातल्या जर्मानिक लोकांची लिपी. तिचं सर्वांत जुनं रूप चोवीस अक्षरांचं, आणि इ. स. दुसऱ्या शतकापासूनचे तिचे नमुने सापडतात. रोमन इतिहासकार टॅसिटस यानं इ. स. ९८ च्या सुमारास लिहिलेल्या ‘जर्मेनिया’त एक वर्णन आहे. फळझाडाची फांदी तोडायची, तिचे तुकडे करून त्यांवर खुणा करायच्या, ते पांढऱ्या कापडावर उधळायचे आणि वर आभाळाकडं पाहत तीन उचलून कौल घ्यायचा. त्या खुणा रून्सच होत्या का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण आजच्या संचवाल्यांचा सगळा डोलारा त्या एका परिच्छेदावर उभा आहे. संचातली ती पंचविसावी कोरी चकती तर अगदी अलीकडची, राल्फ ब्लम यांच्या १९८२ च्या पुस्तकानं लोकप्रिय केलेली.

आणि ही लिपी वापरणारी माणसं प्रत्यक्षात काय कोरत होती? नॉर्वेतल्या बर्गन शहरात १९५५ साली ब्रिगेन या जुन्या बंदरपेठेला आग लागली. नंतरच्या उत्खननात सहाशेहून अधिक रून-लेख मिळाले, बहुतेक लाकडी कांड्यांवरचे. त्यात प्रार्थना आहेत, मालावर लावायच्या नावाच्या चिठ्ठ्या आहेत, आणि गीडा नावाच्या बाईचा ‘घरी ये’ असा निरोपही आहे. अक्षरात गूढ शक्ती आहे असं मानणारी आणि त्याच अक्षरांनी कुणालातरी घरी बोलावणारी माणसं एकाच गावात राहत होती.

अक्षराभोवती गूढ असणं आपल्याला तरी कुठं नवं आहे? माहूर इथून फार लांब नाही. दत्तात्रेयांमुळं ते महानुभावांचंही मोठं स्थान. त्या पंथानं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून शतकानुशतकं बाहेरच्यांपासून राखले. वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला तेव्हा कुठं बाकीच्या महाराष्ट्राला हा खजिना दिसू लागला. तेव्हा खुणांचं, लिपीचं वेड असेल तर त्याला खतपाणी घालायला आपल्या भागात पुरेसं आहे.

लाकूड कुठून घ्यावं

पहिली पट्टी कोरायला झाड शोधत हिंडू नका. ओळखीच्या सुताराकडं जा. दारं-चौकटी करताना सागाचे हातभर तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात आणि शेवटी ते चुलीतच जातात. साग वाळलेला मिळतो, सरळ रेषेचा असतो, चाकूखाली चटकन फाटत नाही. दोष एकच, तो हत्याराची धार लवकर मारतो. त्याहून चांगलं लाकूड हवं असेल तर पाडलेल्या माळवदाच्या घराचं पाहा. आपल्या गावांतली माळवदं एकेक करून उतरली आणि त्यांच्या तुळया, खांब, किलचा कुठंतरी गोठ्यात रचून ठेवलेल्या असतात. पन्नास-साठ वर्षं सावलीत वाळलेलं असं लाकूड पैसे देऊनही मिळत नाही. शिवाय ज्या खांबाला टेकून आजोबा पोथी वाचत, त्याच खांबाच्या तुकड्यावर नाव कोरायला मिळालं तर आणखी काय हवं? फक्त खिळे नीट शोधा. जुना खिळा दिसत नाही आणि करवतीचे दात घालवतो.

झाडाशीच नातं असेल तर गोष्ट वेगळी. दत्तबर्डीला जाणाऱ्याला औदुंबर हवासा वाटेल, शिवभक्ताला बेल, माळकऱ्याला तुळस, देवीच्या घरात कडुनिंब. प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. कडुनिंब नवशिक्याला बरा, मध्यम कठीण, कीड कमी लागते, पण रेषा कुठंकुठं उलटसुलट जातात तिथं चाकू अडखळतो. बेलाचं लाकूड पिवळसर, घट्ट विणीचं, त्यावर बारीक अक्षर छान उठतं, मात्र वाळताना ते तडकायला फार उतावीळ असतं. औदुंबर मऊ आणि हलका. कोरायला सोपा, टिकायला कच्चा. शिवाय श्रद्धेनं त्याला कुणी कुऱ्हाड लावत नाही, तेव्हा वादळानं पडलेली फांदीच घ्यावी. वृंदावनातली तुळस दोन-तीन वर्षांनी वाळून जाते, तेव्हा तिचं बुंध्याकडचं खोड करंगळीएवढं जाड मिळतं. त्यावर एखादंच अक्षर मावतं, बाकीच्याचे मणी करावेत. आंबा सोपा, पण त्याला कीड आणि बुरशी दोन्ही पटकन लागतात. बाभळीच्या वाटेला मात्र वाळल्यावर जाऊ नका. वखराचे, तिफणीचे भाग ज्या लाकडाचे होत आले, ते तुमच्या छोट्या चाकूला दाद देणार नाही. बाभूळ कोरायचीच तर अर्धओली असताना कोरा. काळा कुडा ओळखता येत असेल आणि शेताच्या धुऱ्यावर त्याची फांदी छाटलेली सापडली, तर सोडू नका. पांढरंशुभ्र, बारीक विणीचं हे लाकूड चन्नपट्टणच्या खेळण्यांमुळं नावाजलेलं आहे.

तीन झाडांपासून लांब राहा. कण्हेर सगळीच विषारी आहे, तिचा भुसा नाकातोंडात जाऊ देऊ नये आणि ती जाळू तर मुळीच नये. शेराचा चीक डोळ्यात गेला तर नजरेवर बेतू शकतं. आणि बिब्बा. किनवटाकडच्या रानात बिब्बे वेचणाऱ्यांना विचारा, अंगावर उतला की काय होतं ते. पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायला बिब्ब्याचं तेल वापरत, म्हणून कोरलेल्या अक्षरात तोच काळा रंग भरावा अशी कल्पना कुणाला तरी सुचणारच. सुचली तर विसरून जा. जी पट्टी तुम्ही रोज हातात धरणार, तिच्यात बिब्बा नको.

कायद्याचंही ध्यानात असू द्या. झाडं तोडण्याचं नियमन करणारा महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा आहे. साग, आंबा, चिंच, खैर, हळदू, चंदन अशी कितीतरी झाडं त्याच्या यादीत आहेत, आणि ती स्वतःच्या शेतात असली तरी तोडायला परवानगी लागते. नदीपलीकडच्या पैनगंगा अभयारण्यातून तर वाळकी काडीसुद्धा उचलू नये. चंदनाचा विचारच करू नका. एवढं सगळं सोडूनही पुष्कळ उरतं. महावितरणवाले तारांखालच्या फांद्या छाटतात, पावसाळ्यात झाडं उन्मळतात, आखाड्यावर सरपणाचा ढीग असतो. त्या ढिगात बसून एकेक लाकूड उलटंसुलटं करून पाहणं हेही या कामातलं एक सुख आहे.

वाळवणं

ओल्या फांदीच्या गोल चकत्या कापून त्यावर अक्षर कोरायचा मोह होतो. मोबाईलवरच्या संचातही तशाच असतात. पण आपल्या हवेत ती चकती आठवड्याभरात मधोमध चिरते. लाकूड वाळताना गोलाईच्या दिशेनं जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडं आकसतं. हा हिशेब न जमल्यानं कडेपासून गाभ्यापर्यंत फट पडते. चैत्र-वैशाखात पत्र्यावर वाळत टाकलं तर फट पडल्याचा आवाजही ऐकू येईल.

म्हणून ओली फांदी हातभर लांब ठेवा, साल अर्धीमुर्धी सोला, दोन्ही टोकांना मेणबत्तीचं वितळलेलं मेण फासा. टोकांतून पाणी भसाभस निघून जातं, ते अडवायचं असतं. मग ती खोलीत, सावलीत, भिंतीपासून जरा दूर आडवी ठेवा. मनगटाएवढी जाड असेल तर आधी उभी चिरून दोन फाकी करा. वाळली कधी म्हणायची? किराणा दुकानाच्या काट्यावर दर आठवड्याला वजन करून त्याच लाकडावर पेन्सिलीनं लिहीत जा. वजन उतरायचं थांबलं, की वाळली. अंगठ्याएवढ्या फांदीला दोन-तीन महिने धरा, जाडीला त्याहून जास्त. पावसाळ्यात वजन परत थोडं वाढेल, त्याची काळजी नको.

वाळल्यावर लांबीच्या दिशेनं पट्ट्या काढा, म्हणजे रेषा पट्टीच्या लांबीबरोबर जातील. तीन बोटं लांब, दोन बोटं रुंद आणि पेन्सिलीएवढी जाड पट्टी मुठीत छान बसते. गावातल्या आरा मशीनवर एखादा माणूस दोन मिनिटांत कापून देईल, पण इतका बारीक तुकडा यंत्राजवळ स्वतः धरायला जाऊ नका. घरी करवतीनं केलेलं बरं. मग पॉलिश पेपरनं घासा, आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी २२०. घासताना हात रेषेच्या दिशेनंच फिरू द्या. आडवं घासलं तर ओरखडे राहतात आणि तेल लावल्यावर ते सगळे उठून दिसतात.

अक्षर आणि रेषा

आता ती रून्सकडून शिकायची गोष्ट. रून अक्षरं नीट पाहिली तर त्यांत उभ्या आणि तिरप्या रेघा दिसतील, आडवी रेघ जवळजवळ नाहीच. जे अभ्यासक ही लिपी लाकडासाठी घडली असं मानतात, ते कारणही तेच देतात. लाकडाच्या रेषांवर आडवा काप स्वच्छ येतो आणि दिसतो. रेषेच्याच दिशेनं काप घेतला तर चाकू रेषेत घुसून आपल्या मर्जीनं पळतो, कडेचं लाकूड उचकटतं आणि झालेली रेघ लाकडाच्या रेषांत हरवते.

देवनागरीत तर प्रत्येक शब्दावर शिरोरेघ. पट्टी आडवी धरून ‘राम’ लिहिलं की शिरोरेघ बरोबर लाकडाच्या रेषेवर येते, म्हणजे सर्वांत अवघड काप सर्वांत ठळक जागी. त्यावर माझा आवडता तोडगा असा, की शिरोरेघ कोरायचीच नाही. पट्टीची वरची कडच शिरोरेघ माना आणि अक्षरं तिला लटकवा. डोळा ती रेघ आपसूक पुरी करतो आणि पट्टीला वेगळीच शोभा येते. ज्यांना शिरोरेघेशिवाय अक्षर बोडकं वाटतं, त्यांनी ती सगळ्यात शेवटी घ्यावी. दोन्ही टोकांना आधी उभा छेद द्यायचा, म्हणजे चाकू पळाला तरी तिथं थांबेल. मग स्टीलची पट्टी लावून अगदी हलक्या हातानं पाच-सहा वेळा तीच रेघ ओढायची. एका दमात कधीच नाही. मोडी लिहिणारे आधी रेघ मारून मग तिला अक्षरं लटकवत. लाकडात क्रम उलटा.

कोणतं नाव घ्यावं हे ज्याचं त्यानं ठरवावं. कोरणाऱ्याच्या सोयीनं पाहिलं तर ‘राम’ सर्वांत सोपं, त्यात उभ्या रेघा आहेत आणि वळणं थोडी. ‘दत्त’ त्याहून अवघड, कारण ‘द’ म्हणजे सगळं वळणच. ‘विठ्ठल’ पहिल्या खेपेला नको. ‘ॐ’ तर सगळ्यांनाच आधी कोरायचा असतो आणि तोच सर्वांत अवघड. तो दहाव्या पट्टीवर घ्या. बौद्ध घरात ‘बुद्ध’ किंवा ‘मैत्री’, ‘शील’ यांतलं एखादं घेता येईल. संचच हवा असेल तर लिंगायत घरांत ‘नमः शिवाय’ ही पंचाक्षरी आहेच. पाच लहान तुकडे, प्रत्येकावर एक अक्षर, ओळीनं मांडले की पुरा मंत्र. उर्दूत लिहायची इच्छा असेल तर हरकत काहीच नाही. निजामाच्या काळात इथं उर्दू शाळांत लाकडी तख्तीवरच हात बसवत. मात्र नस्तालिकच्या बाकदार ओघाला चाकूपेक्षा बारीक गोल पटाशी लागते.

आधी कागदावर खऱ्या मापात लिहा. वळणं सरळ तुकड्यांत मोडा. ‘र’चं वळण तीन छोट्या सरळ कापांत बसतं, ‘म’च्या डाव्या पायाची गाठ त्रिकोणी होते. अक्षर थोडं कोनदार दिसेल, दिसू द्या. जुन्या शिलालेखांतली अक्षरंही हत्याराच्या सोयीनंच घडलेली असतात. मग कार्बन पेपरनं ते पट्टीवर उतरवा.

हत्यार आणि पहिला काप

हत्यारं फार लागत नाहीत. तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडचा बोटभर तुकडा लोहाराकडून किंवा ग्राइंडरवाल्याकडून तिरपा घासून घेतला, मागं कापडी पट्टी गुंडाळली, की उत्तम चाकू होतो. शाळेच्या चित्रकलेतल्या लिनोकटच्या पटाशा घरात पडून असतील तर त्याही चालतात, मऊ लाकडावर. स्टेशनरीतला पिवळा कटर नको. त्याचं पातं बाजूनं दाबलं की तुटून डोळ्याकडं उडतं. धार लावायचा दगड मात्र चांगला घ्या आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पातं ओढा. धार आली का पाहायचं तर लाकडाच्या आडव्या टोकावर एक पातळ छिलका काढा. कापलेली जागा चकाकली तर आली, खरबरीत पांढुरकी राहिली तर दगडावर परत जा. बोथट हत्यारानं माणूस जोर लावतो आणि जोरानंच हात कापतात.

पट्टी हातात धरून कोरू नका. एखाद्या जुन्या पाटावर लाकडाची पट्टी आडवी खिळा आणि कामाची पट्टी तिला टेकवा. डाव्या अंगठ्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. तो पातं निसटू देत नाही. चाकू नेहमी पट्टी धरणाऱ्या हातापासून लांब जाईल असाच.

आता ‘रा’चा काना घ्या, कारण तो रेषांना आडवा छेदतो आणि लगेच समाधान देतो. रेघेच्या मधोमध चाकूचं टोक उभं रोवून वरून खाली सरळ छेद द्या, दोनेक मिलिमीटर खोल. मग त्याच्या डाव्या बाजूनं, चाकू कलता धरून, मधल्या छेदाच्या तळाला मिळेल असा दुसरा काप. लाकडाचा एक लांबट टवका अलगद सुटून येतो. पट्टी फिरवून उजव्या बाजूनंही तसंच करा. मध्ये एक स्वच्छ नाळ तयार होते, तिच्या दोन्ही भिंती कलत्या. खिडकीशी धरून पाहिलं की एका भिंतीवर उजेड आणि दुसरीवर सावली दिसते. तेवढ्यावरच अक्षर वाचता येतं, रंगाची गरजच नसते. टवका सुटत नसेल तर उचकटू नका. मधला छेद उथळ पडला आहे, तोच पुन्हा द्या.

चाकू चालवायला भीती वाटत असेल, किंवा घरातलं लेकरू सोबत बसणार असेल, तर डाग देण्याचा मार्ग आहे. पंचवीस वॅटचं सोल्डरिंग मशीन रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं मिळतं. तापलेल्या टोकानं अक्षर काळं करत जायचं. त्यात रेषांचा त्रास कमी असतो, पण धूर होतो, म्हणून ओसरीत किंवा अंगणात बसा. लेकराच्या हाती गरम टोक देऊ नका, त्याला घासायचं काम द्या. पॉलिश पेपर फिरवण्यात लहान मुलं फार रमतात.

बैठक

कोरण्याचं तंत्र आठवड्यात येतं, बसायचं मात्र शिकावं लागतं. एका बैठकीला एकच अक्षर, हा नियम सुरुवातीला पाळा. जागा तीच ठेवा, वेळही शक्यतो तीच. पहाटेची असेल तर उजेड पुरेसा घ्या. समईच्या मंद प्रकाशात चाकू चालवणं श्रद्धेचं दिसतं, पण वेडेपणाचं आहे. मोबाईल दुसऱ्या खोलीत. आधी पट्टी मिनिटभर नुसती हातात धरा, रेषा कुठून कुठं जातात ते बोटानं पाहा. मग प्रत्येक कापाला एकदा नाम. मोठ्यानं म्हणा किंवा मनात, पण काप आणि नाम सोबत चालू द्या. थोड्या वेळात श्वासही त्यांच्याबरोबर चालू लागतो, कारण काप देताना आपण आपसूक श्वास रोखतो आणि टवका सुटला की सोडतो. मन भरकटलं तर काप वाकडा जातो आणि लगेच कळतं. माळ ओढताना मन कधी निसटलं हे कितीतरी मणी गेल्यावर लक्षात येतं, इथं पुढच्याच क्षणी.

काप वाकडा गेला तर काय? तो तसाच ठेवून पुढं जावं, असं माझं मत. सगळं घासून पुन्हा कोऱ्या पट्टीवर आणायचा हट्ट धरला की जप राहतो बाजूला आणि हस्तकलेची स्पर्धा सुरू होते. रागावून किंवा घाईनं मात्र बसू नका. नाव कुणाचंही असो, चाकू चाकूच असतो.

हे तुकडे उधळून भविष्य पाहायचं का, हा प्रश्न हमखास येतो. पाहणारे पाहतात. रामशलाका प्रश्नावलीवर बोट ठेवणारी माणसं आपल्याही घरांत आहेत. मला त्यात रस नाही, पण एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. भानामतीच्या भीतीनं मराठवाड्यातली कितीतरी घरं, गल्ल्या होरपळल्या आहेत. त्यामुळं खुणा कोरलेले तुकडे कुणाच्या दाराशी, चौकात, धुऱ्यावर टाकून देऊ नका. हळद-कुंकू लावून रस्त्यावर तर मुळीच नको. तुमच्या मनात काही नसलं तरी सकाळी शेजाऱ्याच्या घरात रडारड सुरू होईल. कोरलेल्या पट्टीच्या नावावर कुणी उपाय, तोडगा सांगून पैसे मागत असेल, तर राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे याची त्याला आठवण करून द्या.

रंग, तेल, जपणूक

रंग भरायचाच असेल तर काजळ किंवा गेरू जवसाच्या तेलात खलून काडीनं नाळेत भरा, सुकलं की वरचं २२० च्या पेपरनं घासून काढा. रंग खाचेतच राहतो. हळद सुरेख दिसते, पण उन्हात महिन्याभरात उडते. पूर्ण पट्टीला तेल जवसाचंच लावा. ते हवेत हळूहळू सुकून लाकडात घट्ट बसतं. घरात करडईचं असेल तर तेही चालतं, जरा उशिरा सुकतं. खोबरेल आणि शेंगदाण्याचं तेल सुकत नाही, पट्टी चिकट राहते आणि कुबट वास मारते. तेल अगदी पातळ लावा, अर्ध्या तासानं कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि ते जवसाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. जवस सुकताना उष्णता सोडतं, गोळा झालेल्या फडक्यात ती साठत जाते आणि ते आपोआप पेट घेऊ शकतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर फारच जपायला हवं. फडकं बाहेर तारेवर पसरून वाळवा, मग टाका.

पट्टी देवघरात ठेवा, खिशात ठेवा, उशाशी ठेवा. रोज हात लागला तर बरंच. हाताच्या फिरण्यानं कडा गुळगुळीत होतात आणि लाकडाला जो रंग चढतो, तो कुठल्याही पॉलिशला येत नाही. पट्टीखाली पिठासारखी भुकटी दिसू लागली तर आत कीड आहे. ती पट्टी बाकीच्यांपासून वेगळी काढा आणि पिशवीत गच्च बांधून आठवडाभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. आंब्याच्या आणि औदुंबराच्या पट्ट्यांना हे हमखास होतं, सागाला क्वचित.

मोडलेल्या, किडलेल्या पट्ट्यांचं काय करायचं, हे पुष्कळांना अवघड वाटतं. नावाचं लाकूड चुलीत घालवत नाही आणि कचऱ्यातही टाकवत नाही. नुसतं तेल लावलेली पट्टी असेल तर स्वतःच्या शेतात, झाडाच्या बुंध्याशी वीतभर खोल पुरावी, दोन पावसाळ्यांत ती मातीत जाते. अंगणातल्या वृंदावनात मात्र पुरू नका. त्या लाकडाच्या वासानं वाळवी येते, आणि एकदा आली की तिथून चौकटीपर्यंत जायला तिला वेळ लागत नाही.